आधी अंगठे, मग किल्ली: लिव्ह अँड लायसन्स करायचा नेमका क्रम

दर मे-जूनमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "अरे भाडेकरू राहायला येऊन दोन महिने झाले, अ‍ॅग्रीमेंट करायचं राहिलंय, आता काय करू?" किंवा उलट बाजूने, "मालकाने ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलंय, कंपनीचा एचआर म्हणतो चालणार नाही." दोघांची चूक एकच असते. कामं सगळी माहीत असतात, पण क्रम उलटा लावलेला असतो. किल्ली सगळ्यात आधी दिली जाते आणि कागद "होईल निवांत" म्हणून मागे राहतो.

कोथरूडचा काकांचा फ्लॅट मी गेली बरीच वर्षं बघतोय आणि त्याआधी स्वतः भाड्याने राहिलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितोय. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा करार, आणि अंगठे म्हणजे त्याच्या नोंदणीत आधारवरून होणारी बोटांची पडताळणी. उदाहरणं पुण्याची आहेत, पण पोर्टल आणि कायदा अख्ख्या महाराष्ट्राला तोच.

एक गैरसमज आधीच काढून टाका. "११ महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही" हे महाराष्ट्रात चूक आहे. बाकी बऱ्याच राज्यांत एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, म्हणून ही समजूत पसरलीय, पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो ३ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा. जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलमात आहे. पण खरी मेख पुढेच आहे: नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तुम्ही म्हणताय भाडं २५,००० ठरलं, तो म्हणतो १५,०००, तर सिद्ध करत बसायचं तुम्ही.

## १. तोंडी ठरलं की त्याच दिवशी मेसेज टाका

घर बघितलं, आवडलं, चहा झाला, "चला फायनल". इथेच थांबून एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज टाईप करायचा आणि समोरच्याकडून त्यावर "ओके" घ्यायचं. त्यात भाडं किती, मेंटेनन्स त्यात धरलाय की वेगळा, डिपॉझिट किती, तारीख कुठली, किती महिने, कोण कोण राहणार, पार्किंग कुठलं, लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मोडायचा नाही तो) किती, नोटीस किती, सोडताना पेंटिंगचे पैसे कापणार का, आणि स्टॅम्प-रजिस्ट्रेशनचा खर्च कोण करणार, हे सगळं यायला हवं.

हे आत्ता का, तर हेच मुद्दे नंतर एजंटच्या छापील मसुद्यात वेगळे निघतात आणि तेव्हा भाडेकरूचा टेम्पो खाली उभा असतो, त्यामुळे कुणीच भांडत नाही, सह्या करून मोकळे होतात. मग ११ महिन्यांनी भांडतात.

टोकन द्यायचं असेल तर थोडंच द्या, बँकेतून द्या, आणि "अमुक फ्लॅटचं टोकन, करार झाला नाही तर परत" एवढं मेसेजमध्ये लिहून घ्या. पूर्ण डिपॉझिट आधी देऊ नका.

तपासा, भाडेकरूंनी खास: समोरचा माणूस खरंच मालक आहे का? सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, किंवा ताजी मिळकतकराची पावती मागा. मागायला लाजू नका. मालक द्यायला का-कू करत असेल तर घर कितीही हवेशीर असू द्या, पुढे चला.

## २. कागद गोळा करा, आणि नावं जुळवा

लागतं फार काही नाही. दोन्ही बाजूंचं आधार, पॅन, आधारला जोडलेला मोबाईल चालू स्थितीत आणि जवळ. मिळकतीसाठी इंडेक्स टू किंवा टॅक्स पावती किंवा लाईट बिल. घराचं क्षेत्रफळ आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, हा इंडेक्स टूवर असतो.

अडतं ते नावांवर. इंडेक्स टूवर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर करारात दोघं यायला हवेत आणि दोघांचे अंगठे लागतील. "मिसेस येत नाहीत, माझं एकट्याचं घाला" असं करून केलेले करार भरपूर बघितलेत, काही झालं नाही तोवर चालतात. वडील वारले आणि फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर असेल तर आधी सोसायटीत आणि कागदोपत्री नाव लावून घ्या, वारसांपैकी एकाने परस्पर करार केला की भावंडांत वेगळंच सुरू होतं.

आता पुण्यातली घरोघरची केस: मुलगा अमेरिकेत, फ्लॅट त्याच्या नावावर, इथे सगळं बाबा बघतात. बाबा म्हणून सही चालत नाही, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) लागतं. ते मुलाने तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून, किंवा तिथे नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून, इकडे पाठवायचं आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे भाडेकरू शोधायच्या आधी सुरू करा. भाडेकरू मिळाल्यावर सुरू केलं की एकतर तो जातो नाहीतर "या तोवर राहायला" असं होतं.

आणि अशा घरात राहणाऱ्या भाडेकरूंनी लक्षात ठेवा, मालक एनआरआय असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कर, कापायची जबाबदारी तुमची आहे आणि दर चांगलाच मोठा असतो, ३० टक्के आणि वर सेस. बाबांच्या खात्यात पैसे टाकले म्हणून मालक भारतातला होत नाही. एकदा सीएला विचारून घ्या. मालक इथलाच असेल तर हा प्रश्न महिन्याला ५०,००० च्या वर भाडं असेल तेव्हाच येतो आणि दर २ टक्के आहे (ऑक्टोबर २०२४ पासून, आधी ५ होता).

तीन-चार मुलं मिळून फ्लॅट घेत असतील तर सगळ्यांची नावं करारात. एकाच्या नावावर करार आणि राहतायत चौघं, ही व्यवस्था मालक आणि मुलं दोघांच्या अंगाशी येते. नाव असलेला मुलगा जॉब बदलून बंगलोरला जातो आणि मागे राहिलेल्या तिघांचा कागदावर घराशी संबंधच नसतो.

## ३. मसुदा: इथे वेळ घालवा

सगळ्या लेखातला हा महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमके इथेच दोन मिनिटांत उरकतात. एजंटचा मसुदा म्हणजे आधीच्या कुणाच्या तरी कराराची कॉपी असते. आमच्या एका करारात बी-३०४ चं बी-४०३ झालं होतं, कुणाच्याच लक्षात आलं नाही, चार महिन्यांनी भाडेकरूने पत्त्याचा पुरावा म्हणून तो करार दिला आणि कागद परत आला. परत सगळं नव्याने, परत स्टॅम्प, परत अंगठे. त्यामुळे पहिला नियम हा की मसुदा आदल्या दिवशी पीडीएफमध्ये मागवायचा आणि लॅपटॉपवर वाचायचा. मोबाईलवर नाही, मोबाईलवर आपण फक्त खाली सरकवतो.

वाचताना काय बघायचं ते सांगतो.

मुदत. १ जूनपासून ११ महिने म्हणजे शेवटचा दिवस ३० एप्रिल. १ मे नाही, ३१ मे नाही. गंमत वाटेल पण ही चूक खूप होते.

लॉक-इन आणि नोटीस. "लॉक-इन ६ महिने" एवढंच लिहिलेलं असतं. कुणासाठी? मोडलं तर काय? दोघांना लागू आहे असं स्पष्ट लिहा, आणि मोडलं तर किती पैसे ते लिहा, उदाहरणार्थ एक महिन्याचं भाडं. उरलेल्या सगळ्या लॉक-इनचं भाडं द्यावं लागेल असं वाक्य दिसलं तर भाडेकरूंनी तिथेच बोलायचं. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी, बऱ्याच मसुद्यात मालकाला १ महिना आणि भाडेकरूला २ महिने असं हळूच टाकलेलं असतं.

डिपॉझिट परत कधी. "मुदत संपल्यावर परत करण्यात येईल" हे वाक्य निरुपयोगी आहे. "किल्ली परत देताना त्याच वेळी, थकबाकी वजा करून, बँक ट्रान्सफरने" असं लिहा. आणि वजा काय काय होऊ शकतं तेही, म्हणजे लाईट, गॅस, मोडतोड. नेहमीच्या वापराने झालेली झीज वजा होणार नाही हे लिहून घ्या. भिंतीवरचा एक खिळा आणि फुटलेलं बेसिन यात फरक आहे.

पेंटिंग. कापणार असाल तर रक्कम आत्ताच लिहा. "एक महिन्याचं भाडं पेंटिंगला" असं काही मालक सर्रास धरतात, ठरलं असेल तर ठीक, पण शेवटच्या दिवशी सांगायची ही गोष्ट नाही. आणि घर देताना रंग दिलेला नसेल तर घेताना पैसे कसले कापता?

दुरुस्ती. मी एक आकडा लिहितो, १,००० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची मालकाची, आणि गळती, वायरिंग, गीझर बंद पडणं हे आकडा काही असो मालकाचं. हे एक वाक्य टाकल्यापासून आमच्याकडे फोनवरची निम्मी वादावादी थांबली.

भाडेवाढ. करार ११ महिन्यांपेक्षा मोठा असेल तर दर वर्षी किती टक्के, कुठल्या तारखेपासून.

पार्किंग नंबरासकट. मेंटेनन्स कोण भरणार. भाडं कुठल्या खात्यात. मालकाचा पॅन करारात असू द्या, कारण भाडेकरूला एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसवलत) घ्यायचा असतो आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर कंपनी मालकाचा पॅन मागते.

थांबा: मसुद्यात "भाडेपट्टा" आणि "लिव्ह अँड लायसन्स" असे दोन्ही शब्द मिसळलेले नसावेत. लायसन्समध्ये घर वापरायची फक्त परवानगी असते, हक्क तयार होत नाही. मुदत संपूनही कुणी जागा सोडत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, नेहमीच्या कोर्टाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हा रस्ता मोकळा ठेवायचा तर कागद स्वच्छ हवा.

## ४. मुदत आणि स्टॅम्प ड्युटीचं गणित

एजंट सांगतो तो आकडा एकरकमी असतो, "सगळे मिळून इतके". त्यात सरकारचे किती आणि त्याचे किती हे विचारा. गणित सोपं आहे. पूर्ण मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. या बेरजेवर ०.२५ टक्के.

भाडं २५,०००, डिपॉझिट १ लाख, ११ महिने. भाडं झालं २,७५,०००. डिपॉझिटवरचं व्याज ११ महिन्यांचं साधारण ९,१६७. बेरीज २,८४,१६७, त्याचे पाव टक्का म्हणजे ७१० च्या आसपास. वर नोंदणी फी शहरात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचं ऑनलाईन शुल्क वेगळं, ते पोर्टल दाखवतंच. याच्या वर जे सांगितलं जाईल ते एजंटची मजुरी, ती द्यायला हरकत नाही, घरी मशीन घेऊन येतो बिचारा, पण काय कशाचे ते कळायला हवं.

आता तेच घर ३६ महिन्यांना, दर वर्षी ५ टक्के वाढ धरून: भाडं ९,४५,७५०, व्याज ३०,०००, ड्युटी २,४३९ च्या आसपास आणि नोंदणी फी एकदाच १,०००. ११ महिन्यांचे तीन करार केलेत तर तीन वेळा फी, तीन वेळा एजंट, तीन वेळा सुट्टी, आणि मिळतात फक्त ३३ महिने. लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. "मोठा करार केला की घर बळकावतील" ही भीती मला पटत नाही, नोटीसचं कलम नीट असेल तर ३६ महिन्यांचा करारसुद्धा महिन्याभरात संपवता येतो. बळकावायची भीती बिननोंदणीच्या कागदाला जास्त आहे.

आणखी एक, डिपॉझिट किंवा भाडं कागदावर कमी दाखवून ड्युटी वाचवायचा सल्ला कुणी देईल. ४ लाख डिपॉझिट रोख आणि कागदावर ५०,०००. किती वाचले? साडेतीन लाखांचं ११ महिन्यांचं व्याज ३२,०८३, त्याचे पाव टक्का, म्हणजे ८० रुपये. ऐंशी रुपयांसाठी साडेतीन लाखांचा पुरावा घालवायचा.

## ५. नोंदणी: डेटा एन्ट्री, चलन, अंगठे

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-फायलिंगच्या साईटवर लिव्ह अँड लायसन्सचं ई-रजिस्ट्रेशन आहे. स्वतः करता येतं, अवघड नाही, पण अंगठ्याचं बायोमेट्रिक मशीन आणि वेबकॅम लागतो, म्हणून बहुतेक लोक एजंट बोलावतात. बोलावताना विभागाने नेमलेला अधिकृत सेवा पुरवठादार आहे का ते विचारा, यादी साईटवरच आहे.

क्रम असा चालतो. जिल्हा निवडून मिळकतीची माहिती, मग पक्षकार, मग भाडं-डिपॉझिट-मुदत, मग बाकीच्या अटी. यातून टोकन नंबर मिळतो, तो आणि पासवर्ड लिहून ठेवा, एजंटने केलं असेल तर त्याच्याकडून घ्या. मग ड्राफ्ट डाऊनलोड होतो. हा ड्राफ्ट म्हणजेच खरा करार, कालचा पीडीएफ नाही. पुन्हा वाचा. कालच्या पीडीएफमध्ये आपण दुरुस्त करून घेतलेली अटच इथे जुनी आलीय असं माझ्याबाबतीत झालंय, कारण टाईप करणारा पोरगा वेगळा होता.

तपासा, पैसे भरायच्या आधी: नावांची स्पेलिंग आधारप्रमाणे, फ्लॅट नंबर, मजला, सोसायटीचं नाव, सर्व्हे किंवा सीटीएस नंबर, तारखा, आकडे अंकी आणि अक्षरी. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदाशी ताडायचं. दहा मिनिटं लागतात.

मग चलन. स्टॅम्प ड्युटी आणि फी ग्रास या सरकारी ऑनलाईन भरणा प्रणालीवर भरायची, त्याचा जीआरएन, म्हणजे पावतीचा नंबर येतो. पैसे खात्यातून गेले आणि पोर्टलवर दिसत नाहीत असं झालं तर घाबरून दुसऱ्यांदा भरू नका, थोडं थांबून स्टेटस तपासा. जास्तीचा भरलेला परत मिळवणं हा एक स्वतंत्र प्रकल्प आहे.

आता अंगठे. प्रत्येकाचा फोटो वेबकॅमवर आणि आधारवरून अंगठ्याची पडताळणी. सगळ्यांनी एकाच जागी असायला हवं असं नाही, मालक नाशिकला आणि भाडेकरू पुण्यात असेल तरी आपापल्या गावी मशीनसमोर बसून होतं, टोकन तेच.

इथे तीन ठिकाणी गाडी अडते. एक, आधार अ‍ॅपमध्ये कधीतरी बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं, ते आदल्या दिवशी उघडा. दोन, आजी-आजोबांचे अंगठे उमटत नाहीत. कोमट पाण्याने हात धुवून, कोरडे करून, जरा चोळून, दुसरी बोटं लावून बघा, भांडी घासून लगेच बसवू नका. नाहीच उमटले तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन साध्या पद्धतीने नोंदणी होते, तो रस्ता बंद नाही. तीन, सगळ्यात वाईट: दोघांचे अंगठे झाले आणि तिसरा म्हणतो "अहो पण यात पार्किंग लिहिलंच नाहीये". आता बदल म्हणजे झालेलं काम वाया. म्हणून ते मोठ्याने वाचणं.

थांबा: अंगठे झाले म्हणजे नोंदणी झाली असं नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे ऑनलाईन जातो, तो तपासतो, मग नोंदणी पूर्ण होते किंवा शेरा मारून परत येतो. परत आलेला दस्त एजंटच्या लॉगिनमध्ये पडून राहतो आणि मालक-भाडेकरू दोघं "झालं की रजिस्टर" म्हणत बसतात. माझ्या एका मित्राला मुदत संपताना कळलं की नोंदणी कधी झालीच नव्हती. तुमच्या हातात दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि कार्यालयाचं नाव असलेला पूर्ण पीडीएफ आणि सोबत सूची क्रमांक दोन येत नाही तोवर काम झालेलं नाही. सही केल्यापासून नोंदणीला सादर करायला कायद्याने ४ महिने मिळतात, पण तेवढी वाट बघायचं कारणच नाही.

## ६. पोलीस आणि सोसायटी

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम. पोलीस आयुक्तालयं त्यासाठी वेळोवेळी आदेश काढतात आणि तो मोडला तर गुन्हा दाखल होतो, पेपरात वाचलं असेल. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे ऑनलाईन फॉर्म आहे: भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, कुठे नोकरी, ओळखीच्या दोघांचे नंबर. पोचपावती सेव्ह करा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याच्या माहितीचा वेगळा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाईन भरावा लागतो आणि तोही आल्यापासून २४ तासांच्या आत.

सोसायटीत मात्र लोक उगाच वाकतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (बाय-लॉज) घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, ८ दिवस आधी लेखी कळवायचं आणि करार व पोलिसांच्या पोचपावतीची प्रत द्यायची. "एनओसीचे इतके भरा", "भाडेकरूची मुलाखत घेऊ", "बॅचलर नकोत" यावर सेक्रेटरींना शांतपणे उपविधी दाखवा. बिनभोगवटा शुल्क, बोलीभाषेत नॉन-ऑक्युपन्सी, हे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. १० टक्के हे सेवा शुल्काचे, अख्ख्या मेंटेनन्स बिलाचे नाहीत, महापालिकेचा कर त्यातून वगळायचा. सेवा शुल्क २,५०० असेल तर २५० रुपये, बास.

तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, पुण्यात अशा खूप आहेत, तर तिथे १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आणि तुमच्या इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) लागू होतं. ते काढून वाचा आणि मग वाद घाला. आणि पुण्यातल्या मालकांनी मिळकतकरही बघून घ्या, स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला लागू नाही.

## ७. आता किल्ली

करार नोंदवला, पोलीस झाले, सोसायटीला कळवलं, उरलेलं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं बँकेत आलं. आता घरात दोघांनी मिळून एक चक्कर मारायची.

मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून. प्रत्येक खोलीची छत, भिंती, खिडक्या, बाथरूमच्या कोपऱ्यातली ओल, किचन ओट्याची चीर, सिंकखालचा पाईप. नळ सोडून दाखवा, गीझर लावून दाखवा, पंखे फिरवून दाखवा, एसी असेल तर १० मिनिटं चालवा. भाडेकरूंनी या वेळी संकोच करू नये. "इथे टाईल तडकलीय हं" हे आज म्हणालात तर कुणाला वाईट वाटत नाही, ११ महिन्यांनी म्हणालात तर कुणी ऐकत नाही.

मग एक पानभर यादी: पंखे किती, ट्यूब किती, गीझर कुठल्या कंपनीचा, चिमणी, पडद्याचे रॉड, कपाटाच्या किल्ल्या किती, मेन दाराच्या किल्ल्या किती. महावितरणच्या मीटरचं रीडिंग आणि पाईप गॅस असेल तर त्याच्या मीटरचं रीडिंग, दोन्हीचे फोटो तारखेसकट. शेवटचं लाईट बिल भरल्याची पावती. यादीवर दोघांच्या सह्या, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तेच ईमेलवरही, कारण फोन बदलला की व्हॉट्सअ‍ॅपचं काही खरं नाही.

## ८. मुदत संपताना

कॅलेंडरमध्ये मुदत संपायच्या दोन महिने आधीचं रिमाइंडर आजच लावा. पुढे राहायचं असेल तर नवा करार, परत नोंदणी, आणि तो जुना संपायच्या आत. "राहा की, तोच करार पुढे चालू" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिल्याने करार पुढे चालू होत नाही.

सोडायचं असेल तर नोटीस लेखी द्या, तारखेसकट, मेसेज आणि ईमेल दोन्हीवर. "शेवटचे दोन महिने भाडं देत नाही, डिपॉझिटमधून कापा" हे भाडेकरूंचं आवडतं वाक्य आहे आणि मालकांनी डिपॉझिट अडकवल्याच्या इतक्या गोष्टी ऐकल्यावर ते का म्हणतात तेही कळतं, पण लाईट बिल आणि मोडतोड वसूल करायला मग काही उरत नाही आणि निघताना तोंडं फिरवून निघावं लागतं. त्यापेक्षा १५ दिवस आधी मालकाला घर बघायला बोलवा, काय वजा होणार ते आकड्यासकट तेव्हाच लिहून घ्या. मालकांनीसुद्धा तेव्हाच सांगा आणि डिपॉझिटचे पैसे खात्यात तयार ठेवा, ते तुमचे नव्हतेच.

शेवटच्या दिवशी तीच यादी, तोच व्हिडिओ समोर ठेवून परत चक्कर, परत मीटरचे फोटो. ट्रान्सफर झाल्याचा मेसेज भाडेकरूच्या फोनवर आला की किल्ल्या मोजून मालकाच्या हातात. आणि एका साध्या कागदावर चार ओळी: अमुक तारखेला घर रिकामं करून ताबा मालकाला दिला, डिपॉझिट इतकं परत मिळालं, कुणाचं कुणाकडे काही बाकी नाही. दोघांच्या सह्या. करार मुदतीआधी संपवत असाल तर हा कागद दुप्पट महत्त्वाचा, कारण नोंदवलेल्या करारात मुदत अजून चालूच दिसत असते. पोलिसांना आणि सोसायटीलाही कळवून टाका की भाडेकरू गेला, आणि गॅसचं शेवटचं बिल उशिरा येतं, त्याच्यासाठी मोबाईल नंबर लगेच डिलीट करू नका.